लिथियम कोणाचं?

"लिथियम कोणाचं? ओ, लिथियम कोणाचंय?"

लॅबमधला पोरगा काउंटरवरून ओरडला तेव्हा मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, आणि त्या खोलीत लिथियम फक्त माझं होतं. सकाळचे नऊ वाजत आलेले. बाहेर जुलैचा पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा आणि डेटॉलचा मिळून झालेला वास. उपाशीपोटी आलेले शुगरवाले, पेपरात गुंडाळलेली डबी हातात धरून अवघडून उभे असलेले एक आजोबा, कडेवर किरकिरं मूल घेतलेली बाई आणि माझ्या बरोबर समोर नववी 'ब'मधल्या एका मुलाचे वडील. मी सांगलीची. ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून मुद्दाम सिटी बस पकडून मिरजेच्या लॅबमध्ये येते, तर हे इथे. त्यांनी नमस्कार करून झाला होता. "काय मॅडम, चेकअप?" "होय, रुटीन." आणि लगेच हा पोरगा. मी पर्समधून फोन काढला, कानाला लावला, "हॅलो, हां, बोला" म्हणत बाहेर पडले आणि न थांबता स्टँडपर्यंत चालत गेले. फोनवर कुणीच नव्हतं.

लिथियम ही माझी मनाच्या आजारावरची गोळी, आणि ती रक्तात किती आहे हे बघायच्या तपासणीचं गणित असं, की रात्रीची गोळी घेतल्यावर बारा तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला सुई, आणि सकाळची गोळी त्यानंतर. मागेपुढे झालं की आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणजे तो दिवस गेला, हाफ डे गेला, आणि दुसऱ्या दिवशी हेच सगळं पुन्हा. बसमध्ये आधी त्या पोराचा राग आला. मग लक्षात आलं, त्याच चिठ्ठीवर थायरॉइडचं टीएसएच होतं, किडनीचं क्रिएटिनिन होतं. "थायरॉइड कोणाचं" असं तो ओरडला असता तर मी हात वर करून उठले असते, वर शेजारणीला "काय करणार, घरोघरी आहे" असंही म्हटलं असतं. हीच मी वर्गातल्या मुलींना सांगते, पोटात दुखत असेल तर लाजू नका, सांगा. घरी येईपर्यंत रागाचं तोंड माझ्याकडे वळलेलं होतं.

मला पहिल्यांदा 'तसं' झालं ते २०११ च्या पावसाळ्यात. लोकांना वाटतं माणूस रडत बसतो. मला रडू येत नव्हतं. रडायला निदान काहीतरी ओलं लागतं. माझ्या टेबलावर चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला. गाठसुद्धा नव्हती, नुसती सरकफास. एक टोक ओढलं की सुटणार. ती सुतळी मी चार दिवस बघत होते. चहाला गरम एवढीच चव उरली होती. तांब्या बादलीत बुडवायचा, उचलायचा, डोक्यावर न्यायचा, ओतायचा, आणि हे पुन्हा करायचं. आंघोळ हे एक काम नसून पंधरा-वीस कामांची चळत आहे हे तेव्हा कळलं. सहा-सात आठवड्यांनी ते आपोआप उतरलं. उतरलं तशी मी विसरलेही. पुढच्या वर्षी परत आलं, मग एक वर्ष चुकवून परत.

फॅमिली डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, डी-थ्री, थायरॉइड सगळं तपासलं. यात त्यांचं काही चुकलं नाही. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच गळून जातो, तेव्हा ते आधी बघायलाच हवं. सगळं नॉर्मल आल्यावर मात्र त्यांनी एक टॉनिक लिहून दिलं आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणाले. टेन्शन हा शब्द आपल्याकडे पोतं आहे, काहीही कोंबा. आत्यांनी दृष्ट काढली. सासूबाईंनी ज्योतिबाला गुलाल-खोबरं उधळून आणलं, तेही त्या गुडघ्यांनी पायऱ्या चढून. एकानं साडेसाती सांगितली. मला स्वतःला वाटायचं, नोकरी, मूल लहान, त्यात घरातलं आजारपण, दमणूक असेल. मनाच्या डॉक्टरकडे जायचं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं, पण आमच्या लहानपणी 'येरवड्याला पाठवायला पाहिजे' हे वाक्य भांडणात वापरायचं असायचं, त्यामुळे तो रस्ता पत्ता माहीत असूनही कुणी घेत नव्हतं.

२०१६ साली घेतला. बाहेर चाळीसेक माणसं, आत आठ मिनिटं. झोप? भूक? कामात लक्ष? जगू नये असं वाटतं का? मी खरी उत्तरं दिली. डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन आहे, गोळ्या सुरू करू, बरं वाटेल. त्या आठ मिनिटांबद्दल माझ्या मनात बरीच वर्षं कडू होतं. पण मी तरी त्यांना काय दाखवलं होतं? फक्त खड्डे. टेकड्या मला दाखवायच्या असतात हेच माहीत नव्हतं. अंग दुखतंय म्हणून लोक दवाखान्यात जातात. अंगात फार जोर आलाय म्हणून कुणी केसपेपर काढत नाही.

गोळी लागू पडली. तिसऱ्या आठवड्यात मला पहाटे साडेतीनला जाग आली ती झोप पूर्ण होऊन. खिडकी उघडली तर कृष्णेवरून येणारा वारा, ओल्या मातीचा आणि लांबच्या कुठल्यातरी वखारीतल्या हळदीचा वास, सगळं कुणीतरी माझ्यासाठी पुसून लख्ख करून ठेवल्यासारखं. पाच वाजायच्या आत दोन वर्गांच्या वह्या तपासून झाल्या. त्या दिवाळीत मी अठरा किलो चकलीची भाजणी केली. आधी घरच्यासाठी, मग गल्लीसाठी, मग ऑर्डरी घेऊन. एका दुपारी अकरा साड्या घेतल्या आणि त्यातल्या सात वाटून टाकल्या. शाळेच्या अंगणात पायथागोरसच्या प्रमेयाची रांगोळी काढली, ती बघायला दुसऱ्या शाळेतले शिक्षक आले. मुख्याध्यापकांना स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत चार शब्द सुनावले, आणि गंमत म्हणजे तेही लोकांना आवडलं. मी बोलत असताना नवऱ्याला मध्ये शब्द घालायला फट सापडायची नाही. तो हसायचा. सासूबाई बायकांना सांगायच्या, "आमची सून म्हणजे अंगात वारं आहे वारं."

जानेवारीत खाली आले. डॉक्टरांनी डोस वाढवला. मग पुन्हा वर, पुन्हा खाली, आणि दर फेरीला खालचा मुक्काम लांबत गेला. डॉक्टर बदलले, गोळी बदलली. एका समुपदेशक बाईंकडे वर्षभर गेले. फार भल्या बाई, त्यांच्याकडे बसून मी आईवरचा राग बराच निवळवला. खड्डा तेवढाच राहिला.

आणि २०१९ चा ऑगस्ट.

सांगलीकरांना पुराबद्दल काय सांगायचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती एवढं म्हटलं की पुरे. आमचं घर हरभट रोडच्या मागं. पाणी चढायच्या आदल्या रात्री मी जवळजवळ एकटीनं तळमजला रिकामा केला. धान्याच्या कोठ्या, गाद्या, देव, शिलाई मशीन सगळं माळ्यावर. दुसऱ्या दिवसापासून विश्रामबागेकडच्या एका शाळेतल्या निवारा केंद्रात. दहा-अकरा दिवस मी दिवसाला दोन-अडीच तास झोपले असेन. कोणत्या खोलीत किती माणसं, कोणाला कोणतं औषध, कोणत्या घरातून किती चपात्या येणार हे सगळं माझ्या डोक्यात एका पानावर लिहिल्यासारखं दिसायचं. वही काढायची गरजच पडत नव्हती. नंतर माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो.

सप्टेंबरात मी कोसळले तेव्हा सगळे म्हणाले, पुराचा धक्का. अर्धी सांगली धक्क्यातच होती, त्यात माझं पडणं कुणाला वेगळं दिसणार? दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी परत आलं. तोच रस्ता, तेच घर, पाणी जरा कमी. त्या वेळी मी पलंगावर बसून होते. समोरच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात मुलाच्या सर्टिफिकेटांची फाइल होती, निळी, चेनची. उठून ती वरच्या कप्प्यात ठेवायची एवढंच. मी तिच्याकडे बघत राहिले आणि ती सुतळी आठवली. नवरा मला हाताला धरून दिरांकडे घेऊन गेला. पाणी उतरल्यावर फाइल उघडली तेव्हा आतली शाई एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेली होती, चित्रकलेच्या परीक्षेचं सर्टिफिकेट पोहण्याच्या सर्टिफिकेटावर उलटं उमटलेलं.

मुलगा काही बोलला नाही.

त्यानंतर पुणं गाठलं. पहाटेची एसटी, स्वारगेट, रिक्षा. डॉक्टरबाईंनी सव्वा तास घेतला. आधी मला एकटीला, मग नवऱ्याला एकट्याला, मग दोघांना. त्यांनी खड्ड्यांबद्दल फार विचारलंच नाही. म्हणाल्या, "असे दिवस आलेत का, की झोप कमी झाली पण थकवा अजिबात नाही, डोकं भराभर चालतंय, हातातली कामं वाढतच चाललीत?" मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, "अहो डॉक्टर, तीच तर खरी ही. मूळची तशीच आहे. मधूनमधून आजारी पडते."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी पॅडच्या पाठीमागं एक आडवी रेघ मारली आणि आम्हाला सालवार आठवायला लावलं. साल कुठलं आठवतंय? मुलाचं पहिलीत जाणं, दिरांचं लग्न, नोटाबंदी, पूर, लॉकडाऊन. रेघेच्या वर टेकड्या, खाली खड्डे. वाय अक्षावर प्रमाण लिहिलेलं नव्हतं. पोरांनी असा आलेख काढला तर मी अर्धा मार्क कापते. पण आलेख ओरडून सांगत होता. प्रत्येक खड्ड्याच्या अलीकडे एक टेकडी, आणि २०१६ नंतर दोन्हींमधलं अंतर कमी कमी होत आलेलं. "आजोळी कुणाला असं काही?" मी म्हणाले, नाही. मग म्हणाले, मामा जरा लहरी होता. तासगावचा माझा मामा. एका वर्षी उभी ज्वारी मोडून कर्जावर द्राक्षाचा मांडव घातला, दोन बोअर मारले, एक सेकंडहँड ट्रक घेतला, सगळं चार महिन्यांत. त्यानंतर दोन वर्षं सोप्यातल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून. गावात कुणी करणी म्हणालं, कुणी दारू म्हणालं. मामा दारू पीत नव्हता. त्याचं शेवटी काय झालं ते आमच्या घरात अजून कुणी पूर्ण वाक्यात सांगत नाही. मीही तिथं अर्धंच सांगितलं. डॉक्टरबाईंनी उरलेलं विचारलं नाही, नुसतं लिहून घेतलं.

बायपोलर, टाइप टू. मराठीत द्विध्रुवीय म्हणतात, पण ते भूगोलाच्या धड्यातलं वाटतं. यातल्या टेकड्या मोठ्या उन्मादाएवढ्या उंच नसतात, माणूस कपडे फाडत नाही की दवाखान्यात भरती करावा लागत नाही. सलग चार दिवस टिकला तरी मोजतात असा हा बारका उन्माद, घरच्यांना उत्साह वाटेल असा. अशा माणसाला नुसतीच डिप्रेशनची गोळी दिली तर कधीकधी ती खड्ड्यातून काढून थेट टेकडीवर फेकते. माझी ती लख्ख पहाट, ती भाजणी, त्या साड्या, त्यात त्या गोळीचाही हात असावा. आधीच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला असता तर माझी पाच वर्षं वाचली असती, असं मी रागानं कितीदा तरी म्हटलंय. आणि विचारला असता तर मी "छे, उलट तेव्हा तर मी बरी असते" म्हणाले असते, हेही खरं.

परतीच्या एसटीत खंबाटकी घाट उतरेपर्यंत मला इतकं हलकं वाटत होतं, की मी नवऱ्याला बळंच भुईमुगाच्या शेंगा घ्यायला लावल्या. आळस नव्हता, साडेसाती नव्हती, माझा स्वभाव नव्हता. कराड यायच्या आत मी रडायला लागले. खड्डे आजाराचे निघाले यात आनंदच होता, पण त्याच दमात टेकड्याही त्याच्याच नावावर लागल्या होत्या. अठरा किलो भाजणी त्याची. रांगोळी त्याची. मुख्याध्यापकांना सुनावण्याची हिंमत त्याची. वाटणी झाली आणि माझ्या वाट्याला काय आलं, तर मधली सपाट रेघ.

आणि पूर?

गणपती मंदिराच्या रस्त्याला एक भाजीवाली बसते. पुरात ती केंद्रात होती, तिच्या बारक्याला लहानपणापासून डायबेटीस. "बाई, त्या रात्री तीन वाजता तुमी बर्फाच्या डब्यातनं इन्सुलिन आणलासा," असं ती दरवेळी, गिऱ्हाईक उभं असलं तरी, मोठ्यानं सांगते आणि कोथिंबिरीचे पैसे घेत नाही. पूर्वी मला बरं वाटायचं. निदानानंतर मी वर्षभर त्या रस्त्यानं गेले नाही. कुणाचे आभार कुणी घ्यायचे? शेवटी डॉक्टरबाईंनाच विचारलं. त्या जरा थांबून म्हणाल्या, "कोणत्या पोराला इन्सुलिन लागतंय हे विचारायचं आजाराला सुचत नाही. रात्री तीनला तुम्ही दमला नव्हता, ते कदाचित त्याचं." मला हे अर्धं पटलं. उरलेलं अर्धं अजून तसंच आहे. कोथिंबिरीचे पैसे मात्र मी आता जबरदस्तीनं ठेवून येते.

लिथियम म्हणजे खरं तर दगडातलं मीठ. ग्रीकमध्ये लिथॉस म्हणजे दगड. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी ते उन्मादाच्या रुग्णांना देऊन त्याचे निष्कर्ष छापले. त्याआधी गिनिपिगांवर प्रयोग करताना ते प्राणी शांत पडून राहतात हे त्यांनी पाहिलं होतं. इतकं जुनं औषध, गोळी स्वस्त, आणि तरी सोपं नाही. सुरुवातीला तोंडाला पितळी भांड्यातलं आंबट खाल्ल्यासारखी चव, तहान आणि हाताला बारीक कंप. मी फळ्यावर हातानं वर्तुळ काढण्यासाठी प्रसिद्ध होते. खांदा स्थिर ठेवून एका झटक्यात, जोड कुठं आला ते पोरांना सापडायचं नाही. डोस कमी केल्यावर कंप बराच गेला, तरी वर्तुळाला आता एक जागी कंगोरा येतो. मी लाकडी कंपास वापरायला लागले. दहावीतल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, हातानं का काढत नाही आता?" मी म्हणाले, "पुस्तकात कंपास सांगितलाय." ती काही फसली नसावी.

घरात इतर बदल बारीक बारीक आहेत. गुडघा दुखला तरी ब्रुफेन घ्यायची नाही, कारण तिनं लिथियम रक्तात साठतं. मे महिन्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही. सासूबाईंच्या बीपीसाठी घरात मीठ कमी करायचं ठरलं तेव्हा मला आधी पुण्याला फोन करावा लागला, कारण मीठ एकदम तोडलं तरी पातळी चढते. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी अळणी खायचं आणि तू खारट? बरंय की बाई तुझं आजारपण." त्यांचं आणि माझं पिठलं आता वेगळ्या पातेल्यात होतं. गेल्या दिवाळीला भाजणी दोन किलो झाली. त्या म्हणाल्या, "यंदा चकली कमी केलीस." मी म्हणाले, "पुरते की, आई." त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, काही बोलल्या नाहीत, पण त्यांनाही ते वारं आठवलं असणार. मला तर आठवलंच.

लॅबमधून पळून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी परत मिरजेला गेले. तोच पोरगा. या वेळी त्यानं ओरडायच्या आत मी काउंटरपाशी जाऊन हळूच म्हणाले, "लिथियम माझं. आणि जरा हळू बोला की." तो बिचारा गोंधळला. "का ओ मॅडम? काल एक जण नाव लावून गायबच झालं, नळी तशीच राहिली, म्हणून ओरडत हुतो. थायरॉइडलापण असंच ओरडतो की आमी." त्यानं लाल टोपणाची नळी काढली, दंडाला रबर बांधलं, "रात्री गोळी किती वाजता?" विचारून चिठ्ठीवर वेळ टाकली. सुई जाताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. त्याला ही नुसती एक वेळेची नळी होती. नववी 'ब'चे वडील त्या दिवशी नव्हते. पुढच्या महिन्यात पालकसभा आहे, त्यांनी काही विचारलं तर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला. सांगलीच्या माणसाला पातळी म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे दूध किती आणायचं याच्या आधी पुलावर पाणी किती हे विचारतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे पहिलीतल्या पोरालाही पाठ. माझ्या रिपोर्टवरही तसंच. ०.६ च्या खाली गेलं तर औषध पुरेसं नाही, दीडच्या वर गेलं तर विषबाधेची भीती. मधे राहायचं.

नवरा बाहेरून आला, ओली छत्री झटकत. "पुलावर एकोणतीस," तो म्हणाला, "कोयनेचं सोडणार म्हणतायत." मग चपला काढता काढता, "आणि तुझं?"

"पॉइंट अडुसष्ट."

"बरं," म्हणून तो छत्री मोरीत उलटी ठेवायला गेला.